पॉइंटरची मांजरं: छापता येईल अशी निगेटिव्ह मिळाली एकदाची!

मंडळी, मिळाली! क्वार्टर प्लेटवर (साधारण सव्वातीन बाय सव्वाचार इंचाची काच) आमच्या मनी मांजरीची निगेटिव्ह. डोळे शार्प, मिश्या एकेक वेगळ्या दिसतायत, आणि अल्ब्युमेनवर (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या फोटोच्या कागदावर) छापता येईल इतकी दाट. हॅरी पॉइंटर या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज फोटोग्राफरसारखे मांजरांचे फोटो, त्याच्याच जुन्या पद्धतीने काचेवर काढायचा खटाटोप चाललाय, आणि उन्हाळ्यापासून ज्या एका गोष्टीवर गाडं अडलं होतं ते हललंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

मागे मनीचे अँब्रोटाइप (काळ्या पाठीवर धरून बघायचे काचेवरचेच फोटो) दाखवले तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं की मांजर तर आलंय की काचेवर, मग अडलंय कुठे. अडलं होतं ते पॉइंटरच्या धंद्यापाशी. अँब्रोटाइप म्हणजे एक काच, एक फोटो, एक गिऱ्हाईक, संपलं. हॅरी पॉइंटर काही हौसेपुरता मांजरांचे फोटो काढत नव्हता, तो ते कार्त-द-व्हिझिट (पुठ्ठ्यावर चिकटवलेलं छोटं फोटो-कार्ड) करून विकत होता, आणि कार्त विकायचं तर एका निगेटिव्हवरून ढिगाने प्रिंट निघायला हवेत. त्यामुळे त्याच्यासारखं काम करायचं ठरवलं की निगेटिव्हला पर्याय नाही.

आणि मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते इथेच. जन्म 1822 चा, आधी लाइफ गार्ड्समध्ये (ब्रिटिश राजघराण्याच्या रक्षक पलटणीत) सैनिक, मग ब्रायटन या समुद्रकाठच्या इंग्रजी गावात ड्रिल मास्तर, आणि चाळिशी उलटल्यावर फोटोग्राफीत शिरला. ब्लूम्सबरी प्लेसला स्टुडिओ. 1841 मध्ये रेल्वे आल्यापासून लंडनची माणसं समुद्र बघायला ब्रायटनला लोटत होती, त्यामुळे फोटोवाल्यांची तिथे कमतरता नव्हती, आणि त्या गर्दीत याने मांजरं धरली. सुरुवातीचे फोटो अगदी साधे, दूध पिणारं मांजर, टोपलीत झोपलेलं मांजर. मग त्याच्या लक्षात आलं की त्याच फोटोवर ‘नवीन वर्षाच्या शुभेच्छा’ एवढं जरी घातलं तरी तो फोटो लोक एकमेकांना पाठवायला घेतात. 1872 पर्यंत शंभराच्या वर चित्रं, 1884 पर्यंत दोनशेच्या आसपास, नंतरच्यांत तर मांजरं ट्रायसिकलवर, रोलर स्केट्सवर. 1889 ला गेला.

आता तारखांकडे बघा. मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या ड्राय प्लेटची (आधीच तयार करून ठेवता येणाऱ्या कोरड्या काचेची) कल्पना मांडली 1871 मध्ये, आणि त्या प्लेट्स बाजारात रुळल्या त्या दशकाच्या शेवटी. म्हणजे पहिली शंभर मांजरं वेट प्लेटवर, काचेवर ओतलेला कोलोडियनचा चिकट थर ओला असतानाच काढलेली! मुलांचे फोटो काढतानाच लोक रडकुंडीला येत होते तिथे याने मांजरं काढली.

तर मूळ दुखणं. काळ्या पाठीवर बघायच्या पॉझिटिव्हला जेवढा प्रकाश पुरतो त्याच्या दुप्पट-तिप्पट निगेटिव्हला लागतो. 8×10 इंची काचेवर, जुन्या पितळी लेन्सने f/8 ला (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), सावलीत मला पाच-सहा सेकंद लागत होते आणि तेवढ्यात मनी दोनदा कान फिरवणार, शेपूट तर हलणारच. बरं, ते पाच सेकंद सोडा, त्याआधीचं काय? फोकस करा, डार्कबॉक्समध्ये जाऊन काचेवर कोलोडियन ओता, तीन मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ठेवा, होल्डरमध्ये घाला, परत या, तोवर मांजर शेजारच्या गच्चीवर. आणि ऑक्टोबरच्या उन्हात प्लेट किती पटकन सुकते ते तुम्हाला सांगायला नकोच, कोलोडियनमधलं ईथर उडून जातं आणि कडेने आधी वाळायला लागते.

सुटलं कसं ते सांगते. कार्तचा आख्खा पुठ्ठाच अडीच बाय चार इंचाचा, फोटो त्याहून लहान. एवढ्या चित्राला मोठा कॅमेरा लागतोच कशाला? प्लेट लहान घेतली की लेन्स छोट्या फोकल लेंग्थची चालते, आणि तेवढ्या लेन्समध्ये मोठं तोंड परवडतं. पेट्झव्हालची पोर्ट्रेट लेन्स 1840 पासून हाताशी होती, f/3.6 च्या आसपासची. मूळची घ्यायला गेलं तर किमती ऐकूनच परत यावं लागतं, पण जुन्या टॉकीजच्या प्रोजेक्टरच्या लेन्स याच घाटाच्या असतात हे तुम्हाला माहीतच आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एक पाच इंची मिळाली, काचेला बुरशी नाही, फक्त बॅरल चेपलेलं. माझं ठाम मत आहे, इंटरनेटवर ‘व्हिंटेज’ म्हणून विकतात त्या दहा लेन्सपेक्षा ही एक बरी. क्वार्टर प्लेट पूर्ण झाकत नाही, कोपरे गळतात, पण कार्तसाठी मधलाच भाग कापायचाय. एक्सपोजर उतरलं एका सेकंदावर. लेन्सचं झाकण हातानेच काढायचं, मनात ‘एक हजार एक’ म्हणायचं, लावायचं.

एका सेकंदाची निगेटिव्ह मात्र पातळच येते, ती दाट केली रीडेव्हलपिंगने. हिराकसचा नेहमीचा डेव्हलपर (उकाड्यामुळे त्यात अॅसेटिक अॅसिड वाढवलंय), मग हायपोत फिक्स (म्हणजे चित्र पक्कं करणं), मग भरपूर धुणं, इथे घाई केली तर डाग हमखास, आणि मग पायरोगॅलिक आणि सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थोडे थेंब घालून ते प्लेटवर फिरवत राहायचं. उजेडात करता येतं, आणि मनीच्या छातीचा पांढरा भाग डोळ्यांदेखत सायीसारखा दाटत जातो ते बघण्यात काय सुख आहे! सावलीत जे उमटलंच नाही ते यातून येत नाही, हे खरं. म्हणून मांजरच फिकं घ्यायचं आणि मागे पांढरी चादर लावायची. (सायनाइडने फिक्स करा म्हणून ज्यांनी सुचवलं त्यांना: ज्या घरात मांजर वाटीत, बादलीत, सगळीकडे तोंड घालतं तिथे ते येणार नाही.)

फिकं मांजर का, तर गेंद्यामुळे. आमचा गेंद्या म्हणजे झेंडूच्या रंगाचा बोका, बसला की तासभर हलत नाही, मॉडेल म्हणून एक नंबर. पण कोलोडियनला निळा-जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील, एवढाच प्रकाश कळतो. केशरी म्हणजे त्याच्या लेखी अंधार. प्लेटवर गेंद्या कोळशासारखा काळा आला, अंगावरचे पट्टे जेमतेम दिसतात, पिवळे डोळे पण काळेच. तेव्हापासून जुन्या कार्तमधलं प्रत्येक काळं मांजर मी संशयाने बघते, त्यातली किती खरी काळी आणि किती केशरी असतील!

आणि मांजर जागेवर राहिलं कसं? परडीमुळे. पॉइंटरच्या फोटोंत टोपल्या फार दिसतात आणि मला आता वाटतं की त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. मांजराला मापाचं काहीतरी दिलं की ते आपणहून आत बसतं. परडी टेबलाला बांधली, मांजर नाही, मांजराला कशानेही बांधायचं नाही हे पहिल्यापासून ठरलंय. फोकस परडीच्या काठावर आधीच करून ठेवला आणि प्लेट होल्डरमध्ये आल्यावरच बाबांनी मनीला आणून बसवलं. मग बाबा कॅमेऱ्याच्या बाजूला सुकटीची कागदी पुडी घेऊन उभे. पुडी चुरगाळली की मनीचे दोन्ही कान पुढे येतात आणि ती श्वास धरल्यासारखी थिजते, सेकंदभरच. तो सेकंद आपला.

मध्ये महिनाभर वेगळाच खोळंबा झाला होता. ज्या केमिकलवाल्याकडून माल घेते त्याने साध्या कोलोडियनच्या जागी फ्लेक्सिबल पाठवलं. त्यात एरंडेल आणि कापूर असतो, जखमेवर लावायला ठीक, आपल्या कामाचं नाही. बदलून द्यायला पण खळखळ. बाटली फोडायच्या आधी लेबल पूर्ण वाचा एवढंच सांगते. काचा मात्र फ्रेमवाल्याकडूनच घ्या, स्वस्त पडतात आणि तो कडा घासून देतो. कडेला अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवल्यापासून कोलोडियनची फिल्म सुटणं बंद झालंय.

आता पुढचं. मूळ बेत बारा कार्तचा होता, पॉइंटरच्या पोझेसच्या जवळ जाणाऱ्या. कोणीतरी हॅरी व्हिटियर फ्रीज या अमेरिकन फोटोग्राफरसारखे मांजरांना कपडे घालून बघ म्हणालं होतं. त्याचं काम मी मानते, 1905 नंतर पेनसिल्व्हेनियात त्याने जे केलं त्याला चिकाटी लागते, 1/5 सेकंदाला फोटो काढायचा आणि दोन तृतीयांश निगेटिव्ह फेकायच्या. त्याची घर सांभाळणारी अ‍ॅनी एडलमन कपडे शिवायची. पण मला मांजर मांजरासारखंच हवंय, त्यामुळे कपडे नाहीत.

हे लिहिता लिहिता एक सुचतंय. पॉइंटरची खरी युक्ती जर मजकुरात होती, तर पोझेसची नक्कल कशाला करत बसायचं? मनीचीच निगेटिव्ह घेऊन खाली ‘शुभ दीपावली’ टाकलं तर? काचेवर काळ्या शाईने लिहिलं की प्रिंटवर पांढरं उमटतं. फक्त फिल्मच्या बाजूला लिहायचं तर अक्षरं उलटी काढावी लागतील, आणि काचेच्या बाजूला सुलटी लिहिली तर काचेच्या जाडीमुळे कडा पसरतील. दीपावलीतला ‘दी’ उलटा काढायचा हात बसवायला लागेल! बारा कार्तचा बेत सध्या बाजूला, आधी ही एकच कार्त, दिवाळीपर्यंत नातेवाइकांना पाठवण्याइतक्या प्रती.

अल्ब्युमेन पेपर घरीच करतेय, अंडी फेसून ठेवलीत. पुठ्ठ्यावर चिकटवायला गव्हाची खळ. अडलंय ते पुठ्ठ्यावर, मला अॅसिड-फ्री, पातळ पण ताठ असा हवाय, इथे मिळतो तो खळ लागली की वाकतो. तुम्ही कोणता वापरता ते लिहा, आणि अक्षरं फिल्मच्या बाजूला लिहून बघितली असतील तर शाई कोणती घेतली तेही सांगा, वार्निश आधी लावायचं की नंतर यावर माझं अजून ठरत नाहीये.