सिमेंटखालचं शिसं

एजियन समुद्रातल्या एका बेटावरचं पुरातत्त्व संग्रहालय. टेबलावर संगमरवरी पुरुषाचा पुतळा आडवा ठेवलेला. त्याचा उजवा हात कोपरापाशी जुन्या दुरुस्तीत लोखंडी सळई आणि सिमेंटने जोडलेला. सांध्याभोवती तपकिरी ओघळ, दंडात केसाएवढ्या तीन भेगा. सळई गंजून फुगलीय, हे एक्स-रे काढायच्या आधीच कळत होतं.

लोखंडाचा गंज दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. सिमेंट ताजं असेतो सळई सांभाळतं. खारी हवा झिरपली की संपलं. सळई 16 मिलिमीटरची, दंडात 9 सेंटिमीटर शिरलेली. ती ओढायची नाही, टवका सोबत येतो. आधी भेगांवर जपानी कागद, अॅसिटोनमधल्या पॅरालॉइड बी-72 ने, म्हणजे पुन्हा विरघळवता येणाऱ्या अॅक्रिलिक राळेने, चिकटवला. हाताखाली वाळूच्या पिशव्या: हात अंदाजे 5 लिटर, संगमरवर लिटरला 2.7 किलो, म्हणजे साडेतेरा किलो. मग पातळ पात्याने सांध्यातलं सिमेंट कापत सळईपर्यंत गेलो, तीही तिथेच कापली. हात सुटा झाला.

दंडाच्या तोंडावर सिमेंटचा थापा राहिला होता. स्काल्पेलने तो उचलताना सळईच्या 4 सेंटिमीटर खाली करडा चौकोन दिसला. शिसं! मधोमध तुटक्या लोखंडाचं काळं टोक, वरच्या बाजूने शिसं ओतायची बारीक नाळ. मूळ कारागिराचा सांधा. लोखंडाचं तोंड गंजलेलं, पण भोवतीच्या दगडाला एकही भेग नाही. शिसं पाणी आत जाऊ देत नाही, आणि लोखंड फुगलंच तर मऊ असल्याने स्वतः दबतं. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची 1898 पासून दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअर बालानोसने लोखंड घालताना हीच शिशाची पायरी गाळली. तिथले फुटलेले दगड आजही टायटॅनियम घालून सांधताहेत.

उरलेल्या सळईभोवती 3 मिलिमीटरच्या डायमंड बिटाने, सिमेंटमध्येच, भोकांची माळ पाडली. ड्रिलचा हॅमर बंद. पाणीही नाही, गंजाचा डाग दगडात उतरतो; म्हणून बिट गार व्हायला सारखं थांबायचं. कंटाळवाणं काम. शेवटच्या भोकाला घाई झाली आणि नखाएवढा टवका उडालाच. तो डबीत, क्रमांक घालून.

जुनी सळई निघालेल्या भोकात आता 10 मिलिमीटरची टायटॅनियम सळई बसेल. दंडात आधी पॅरालॉइडचा थर, मग इपॉक्सी हा पक्का गोंद. पुढच्या हाताच्या बाजूला नुसती नळी, चिकट काही नाही. हात पुन्हा काढायचा झाला तर सरळ सरकून यावा. शिशाला हात लावला नाही.