थँक्सगिव्हिंगचं जेवण जरा हलकं करताना – माझा अनुभव

आमच्या व्याह्यांना उन्हाळ्यात स्टेंट बसवला, डॉक्टरांनी मीठ आणि चरबी कमी करा म्हणून बजावलं, इकडे आमच्या ह्यांना शुगर आहेच, त्यामुळे यंदाचं थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरातला टर्की पक्ष्याच्या जेवणाचा अमेरिकन सण, ओहायोला न होता न्यू जर्सीत आमच्याकडे करायचं ठरलं. विहीणबाईंची अट एकच, मुलांना हे पथ्याचं जेवण वाटता कामा नये. सूनबाई तर म्हणाली, आई, हेल्दी हा शब्दच कोणासमोर काढू नका, नाहीतर बाबा जेवायच्या आधीच तोंड वाकडं करतील.

मी आधी सगळ्या पदार्थांची यादी केली आणि मीठ-साखर नेमकी कुठून येते ते बघत बसले. टर्की बिचारा निर्दोष आहे हो, वरची कातडी काढली तर छातीच्या मांसात चरबी फार नसतेच. खरा घोळ बाजूच्या पदार्थांत आणि डब्यांत असतो. ग्रीन बीन कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये ट्रेत भाजलेल्या बीन्स, घ्या, 1955 साली इथल्याच कॅम्डेनच्या कॅम्पबेल कंपनीत डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी तो बसवला, मश्रूम सूपचा डबा, बीन्स, वरून तळलेला कांदा, झालं, सोप्पं काम म्हणून घरोघरी गेला. पण असल्या आटवलेल्या सूपच्या डब्याची मागची बाजू वाचली तर अर्ध्या कपात सातआठशे मिलिग्रॅम सोडियम, आणि धडधाकट माणसालाही दिवसभरात 2300 च्या आत राहा सांगतात, त्यात तो तळलेला कांदा, ग्रेव्ही, स्टफिंग म्हणजे टर्कीत भरायचं ब्रेडचं सारण, ब्रेड सगळीकडे परत मीठ आहेच.

टर्की घेतानाही लेबल बघावं लागतं. पुष्कळ टर्कींना आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, बारीक अक्षरात इतके टक्के सोल्युशन असं लिहितात. मी तसलं नसलेला 12 पाउंडाचा घेतला. फ्रोझन असेल तर फ्रिजमध्ये ठेवून बर्फ सुटायला तीन दिवस लागतात हे लक्षात ठेवा, ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. कातडीखाली लसूण, मिरी, लिंबाची साल, सेजची सुगंधी पानं आणि थोडं ऑलिव्ह ऑइल चोळलं, मीठ अगदी नावाला. थर्मामीटर मात्र पाहिजेच, मांडीच्या जाड भागात 165 फॅरनहाइट झाल्याशिवाय बाहेर काढू नका, रंगावर जाऊ नका.

माझं मत सांगू का, मीठ कमी केलं की त्या जागी आंबट काहीतरी द्यावंच लागतं, नाहीतर सगळं आजाऱ्याचं जेवण लागतं. बीन्स मी लसणावर परतल्या, ताजे मश्रूम, वरून ओव्हनमध्ये खरपूस केलेला कांदा, बदामाचे काप आणि शेवटी भरपूर लिंबू. ग्रेव्हीसाठी ट्रेमधला रस उंच ग्लासात ओतून फ्रीझरमध्ये ठेवला, चरबी वर आली ती काढून टाकली. तो ग्लास व्याह्यांनी पाहिला आणि गप्पच बसले, म्हटलं बरंच झालं.

रताळ्यांवर मार्शमेलोचा, म्हणजे साखरेच्या मऊ गोळ्यांचा, थर देतात, तो मी दिलाच नाही. एकतर रताळं मुळात गोड, त्यात ब्राऊन शुगर आणि वर हे, शिवाय मार्शमेलोत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं त्यामुळे आमच्या शाकाहारी जाऊबाई इतकी वर्षं त्या डिशला हात लावत नव्हत्या. फोडी करून 400 फॅरनहाइटला भाजल्या, कडा छान काळपट झाल्या, वर दालचिनी, संत्र्याचा रस, थोडे पीकान, अक्रोडासारखे असतात ते. स्टफिंगही टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या ट्रेमध्ये केलं, गव्हाचा ब्रेड, सेलरी, कांदा आणि भाज्यांचा बिनमिठाचा स्टॉक, म्हणजे जाऊबाईंनाही चाललं. मॅश्ड पोटॅटोमध्ये अर्धा फ्लॉवर घातला तो धाकट्या नातवाने पहिल्याच घासाला ओळखला, पण खाल्ला.

क्रॅनबेरीवर मी जास्त वेळ घालवला. 12 औंसच्या पिशवीवर एक कप साखर लिहिलेली असते आणि ते उगाच नाही, ही फळं कच्च्या करवंदासारखी आंबट. साखर अर्धी केली, पाण्याऐवजी संत्र्याचा रस, एक सफरचंद किसून आणि आलं. अर्ध्याच्या खाली जाऊ नका, दात आंबतात. साखर कमी म्हणून थोडं पातळ राहतं, मला तर तेच आवडलं, ह्यांनी दुसऱ्या दिवशी पोळीशी खाल्लं.

शेवटच्या गोडाला, म्हणजे ‘पाय’ या सारण भरून भाजलेल्या पदार्थाला, मी हात लावला नाही. व्याह्यांचा जीव पीकान पायमध्ये, त्यात कॉर्न सिरप ओततात, पण विहीणबाई स्वतः करून घेऊन आल्या होत्या आणि एका माणसाचा सणच काढून घ्यायचा नसतो. फक्त तुकडे मी कापले, बारीक. ह्यांना भोपळ्याचा, खालचं कव्हर सोडून.

जेवणं झाल्यावर गप्पांत रमून टर्की टेबलावर तसाच राहतो, दोन तासांच्या आत मांस सोडवून फ्रिजमध्ये टाकायला मी मुलाला बसवलं, हाडांचा स्टॉक दुसऱ्या दिवशी केला.

विहीणबाईंचा निकाल असा, रताळी आणि क्रॅनबेरी पास, ग्रेव्ही पास, पण बीन्स म्हणजे तो कॅसरोल नव्हे, पुढच्या वर्षी डब्याच्या सूपचाच हवा. मी म्हटलं करूया की, लहान ट्रेमध्ये, आणि तो व्याह्यांच्या खुर्चीपासून लांब ठेवूया.