आज्ञा पाळणाऱ्या हट्टी बायका

आपण दवाखान्यात प्रत्येक नर्सला सिस्टर म्हणतो, अगदी सवयीनं, "सिस्टर, सलाईन संपत आलंय बघा", आणि हा शब्द आला कुठून ते कधी मनातही येत नाही. कॉन्व्हेंटचंही तेच. आपल्याला कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्लिश मीडियमची शाळा आठवते, पण मुळात तो शब्द सिस्टर, म्हणजे लग्न न करता चर्चच्या सेवेचं व्रत घेतलेल्या कॅथलिक बायका, राहतात त्या घराचा. म्हणजे ह्या बायकांचं नाव आणि घर दोन्ही आपण रोज तोंडात घोळवतो आणि त्या जगतात कशा हे मात्र माहीत नसतं. मलाही नव्हतं.

माझी आई ॲडमिट होती तेव्हा संध्याकाळी एक वयस्कर सिस्टर वॉर्डात यायच्या. नर्स नव्हे, म्हणजे एकेकाळी नर्स होत्या, आता रिटायर झालेल्या, पेशंटजवळ नुसत्या बसायला यायच्या. तीस वर्षं टांझानियात काढलेली. मी सहज विचारलं, सिस्टर तुम्ही जायचं कसं ठरवलंत? तर म्हणाल्या, मी कुठे ठरवलं, पत्र आलं. बस एवढंच. तीन-चार ओळींचं पत्र, अमुक तारखेपासून तुमची नेमणूक तमुक मिशनमध्ये, आणि एक सुटकेस भरून त्या निघाल्या.

ते "मी कुठे ठरवलं" माझ्या डोक्यातून जाईना. स्वतःचं आयुष्य दुसऱ्यानं ठरवावं ही गोष्ट मला तरी भीतीदायकच वाटते. मग मी वाचायला लागले, चरित्रं, पत्रं, जे हाताला लागेल ते, आणि जसजशी वाचत गेले तसतसं एकच कोडं पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं, की आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या ह्या बायका इतक्या हट्टी कशा?

आधी व्रतांचं सांगते. व्रतं तीन, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. एका दिवसात कुणी सिस्टर होत नाही. आधी काही काळ उमेदवारी, मग नोव्हिशिएट म्हणजे नवदीक्षितांचं प्रशिक्षण, ते चर्चच्या कायद्यानं किमान बारा महिन्यांचं, मग ठरावीक मुदतीची व्रतं आणि काही वर्षांनी आजन्म व्रतं. मधल्या काळात मुदत संपली की बाई निघून जाऊ शकते, कितीतरी जणी जातातही. पगार मिळाला तर तो सगळ्यांच्या सामायिक खात्यात. पहाटे प्रार्थना, मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मग दिवसभर काम, संध्याकाळी परत प्रार्थना. आणखी एक, आपण सरसकट नन म्हणतो पण नेमकं बोलायचं तर नन म्हणजे बंदिस्त मठात राहून प्रार्थनेत आयुष्य घालवणाऱ्या, आणि शाळा, दवाखाने, वस्त्या इथे काम करणाऱ्या त्या सिस्टर. हा फरक बारीक वाटतो पण त्याच्यासाठी बायका शेकडो वर्षं झगडल्यात, कारण पूर्वी चर्चचं म्हणणं होतं की व्रतस्थ बाईनं भिंतीच्या आतच राहायचं. फ्रान्समध्ये १६३३ साली व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारिलाक ह्यांनी डॉटर्स ऑफ चॅरिटी सुरू केलं तेव्हा त्या मुलींना आजन्म व्रतं न देता दर वर्षी नव्यानं व्रत घ्यायची वाट काढली, म्हणजे त्यांना रस्त्यावर आजाऱ्यांकडे जाता येईल. आजही त्या दर वर्षी व्रतं नव्यानं घेतात.

आता हट्टाकडे येते. मला सगळ्यात जास्त भिडली ती ॲना डेंगेल. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातली मुलगी, जन्म १८९२. ॲग्नेस मॅकलारेन नावाची एक स्कॉटिश डॉक्टर होती, तिनं रावळपिंडीत बायकांसाठी दवाखाना उभा करायला मदत केली होती, कारण तिथल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत, आणि बाई डॉक्टर नाही म्हणजे उपचारच नाही. आजार बरा होण्यासारखा असूनही बाई मरायची. ॲनानं मॅकलारेनबाईंशी पत्रव्यवहार केला, पण भेट व्हायच्या आत १९१३ मध्ये त्या वारल्या. तरी पोरगी मागे हटली नाही, आयर्लंडमध्ये कॉर्कला मेडिकल केलं आणि १९२० मध्ये रावळपिंडी गाठली. तिथे समोर काय, तर सिस्टर होत्या, जीव ओतून काम करत होत्या, पण व्रतस्थ बाईनं डॉक्टरी करायला चर्चची मनाई, आणि बाळंतपण करणं तर तिच्या व्रताला शोभत नाही असा समज. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज होती त्या अडलेल्या बाईपाशी सिस्टरनं जायचं नाही!

ॲनानं काय केलं? नियम मोडला नाही. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला चौघी जणींनी मिळून मेडिकल मिशन सिस्टर्स सुरू केलं, दोघी डॉक्टर, दोघी नर्स, आणि जाहीर व्रतं घेतलीच नाहीत. सिस्टरसारखं राहायचं पण कायद्याच्या भाषेत सिस्टर नाही. असं करत एकीकडे काम आणि दुसरीकडे रोमकडे, म्हणजे पोपच्या कचेरीकडे पाठपुरावा, शेवटी फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमनं फर्मान काढलं, सिस्टरना डॉक्टरकी आणि प्रसूतीचं काम करायला परवानगी मिळाली, नुसती परवानगी नाही, अशा कामाला उत्तेजन. अकरा वर्षं. मी हे वाचताना सारखी त्या बायकांचा विचार करत होते ज्या त्या अकरा वर्षांत, आणि त्याच्या आधीच्या कित्येक वर्षांत, अडून गेल्या असतील.

दुसरी फ्रान्सिस कॅब्रिनी, इटलीची. लहानपणी कागदाच्या होड्यांत फुलं ठेवून नदीत सोडायची आणि ती फुलं म्हणजे मिशनरी, चीनला निघालेत, असा तिचा खेळ. एकदा पाण्यात पडली, तेव्हापासून पाण्याची भीती. प्रकृती इतकी नाजूक की कॉन्व्हेंटनं घेतलं नाही, तर तिनं १८८० मध्ये स्वतःचीच संस्था काढली. जायचं होतं चीनला, पण पोप लिओ तेरावे म्हणाले पूर्वेकडे नको, पश्चिमेला जा, कारण इटलीतली गरीब माणसं लाखोंनी अमेरिकेला चालली होती आणि तिथे त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. आज्ञा पाळली, सहा सिस्टर घेऊन ३१ मार्च १८८९ ला न्यूयॉर्कला उतरली. उतरल्यावर कळलं की राहायची सोय बारगळलीय, आणि तिथले आर्चबिशप, म्हणजे चर्चचे तिथले प्रमुख, म्हणाले तुम्ही आपल्या परत जा. ती म्हणाली, मला पोपनी पाठवलंय, मी इथेच राहणार. बघा, आज्ञा अशीही वापरता येते! पुढे पाण्याला घाबरणारी ही बाई वीसपेक्षा जास्त वेळा अटलांटिक ओलांडून गेली, आणि १९१७ मध्ये शिकागोला वारली तोवर शाळा, अनाथाश्रम, दवाखाने धरून ६७ संस्था उभ्या होत्या.

आणि अमेरिकेतली सिस्टर मॅरिॲन कोप. १८८३ मध्ये हवाईच्या राजाला कुष्ठरोग्यांसाठी सिस्टर हव्या होत्या, पन्नासहून जास्त संस्थांनी नकार दिला, हिनं हो म्हटलं. खरं तर ती तिच्या संस्थेची प्रमुख होती, सिस्टरना तिथे बसवून देऊन परत यायचं असं ठरलेलं. ती परतलीच नाही. १८८८ मध्ये मोलोकाई बेटावरच्या कालाउपापाला, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेली, त्यांची सेवा करणारे धर्मगुरू फादर डेमियन तिथे स्वतः कुष्ठरोगानं शेवटच्या दिवसांत होते. तिनं आपल्या सिस्टरना शब्द दिला होता की तुमच्यातल्या एकीलाही हा रोग होणार नाही, आणि स्वच्छतेचे, हात धुण्याचे नियम इतके कडक ठेवले की खरंच एकीलाही झाला नाही. १९१८ मध्ये ती तिथेच वारली. मला चमत्कारांपेक्षा हा हात धुण्याचा नियम जास्त पवित्र वाटतो, काय करू.

पण सगळंच असं उजळ नाही आणि ते न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही. कॅनडात सरकार आणि चर्च मिळून ज्या निवासी शाळा चालवत त्यात दीड लाखाच्या वर मूलनिवासी मुलं आईबापांपासून तोडून ठेवली गेली, स्वतःची भाषा बोलली तर शिक्षा, मारझोड, अत्याचार, कितीतरी मुलं घरी परतलीच नाहीत. त्या शाळांमध्ये शिकवायला, सांभाळायला सिस्टर होत्या. त्यांनाही पत्र आलं असणार, त्यांनीही आज्ञाच पाळली. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे जाऊन माफी मागून आले, पण ज्या मुलाची भाषा गेली त्याची परत येत नाही.

आणि ह्याच कॅनडात, त्या शाळा सुरू व्हायच्या दोनेकशे वर्षं आधी मारी गुयार झाली, १६३९ साली फ्रान्सहून जहाजानं क्वेबेकला पोचलेली. चाळिशीची विधवा बाई. तिनं तिथल्या लोकांच्या भाषा स्वतः शिकून घेतल्या, त्यांत शब्दकोश लिहिले. तिच्याबद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे ओढलं जातं, कारण अकरा वर्षांचा मुलगा मागे ठेवून ती कॉन्व्हेंटमध्ये गेली होती, आणि तो मुलगा शाळेतली पोरं गोळा करून कॉन्व्हेंटच्या दारात ओरडत होता की माझी आई परत द्या. मी आई आहे, मला ते वाचवेना. पुढे तो स्वतः मठात गेला, आयुष्यभर दोघं एकमेकांना पत्रं लिहीत राहिली, समुद्राच्या दोन टोकांना, आणि ती गेल्यावर तिचं चरित्रही त्यानंच छापलं. भेट पुन्हा झाली नाही. त्याग त्याग म्हणतो आपण, पण त्याची किंमत कधीकधी तिसरंच कुणीतरी भरतं.

आता जमाना बदललाय. १९७० च्या सुमारास जगभर १० लाखांच्या आसपास सिस्टर होत्या, आता ६ लाखांच्या आसपास. युरोपातले मोठमोठे कॉन्व्हेंट रिकामे होतायत आणि आफ्रिकेत संख्या वाढतेय, त्यामुळे दिशाही उलटलीय, जिथून मिशनरी निघायचे तिथे आता भारत, फिलिपाइन्स, नायजेरिया इथल्या सिस्टर म्हाताऱ्यांची सेवा करायला जातात. धोकाही संपलेला नाही. डोरोथी स्टँग ही अमेरिकन सिस्टर १९६६ पासून ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या जंगलातल्या गरीब शेतकऱ्यांच्या बाजूनं जमीनदारांशी भांडत होती, धमक्या येत होत्या, तरी तिनं जागा सोडली नाही. १२ फेब्रुवारी २००५ ला अनापूजवळ चिखलाच्या रस्त्यावर तिला गोळ्या घातल्या. वय ७३.

तर त्या टांझानियाच्या सिस्टर. मी त्यांना विचारलं होतं, सगळ्यात अवघड काय गेलं, मला वाटलं मलेरिया म्हणतील, एकटेपणा म्हणतील. त्या म्हणाल्या पहिलं वर्ष. भाषा येत नव्हती, इकडे पंधरा वर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई आणि तिकडे पेशंटला कुठे दुखतंय हे विचारता येत नाही, खेड्यातली लहान मुलं शब्द शिकवायची आणि चुकलं की हसायची. आणि दुसरं अवघड म्हणजे परत येणं. परत यायचंही पत्रच आलं, तब्येत बरी नव्हती म्हणून. तेव्हाही एकच सुटकेस.

शेवटच्या आठवड्यात एका रात्री आई अस्वस्थ होती, सिस्टरनी तिचा हात हातात घेतला आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागल्या. ओठ हलत होते. मला "मोजा" असं ऐकू आलं, वाटलं मलाच मोजायला सांगतायत, म्हणून मी जवळ सरकले. तर त्या पुढे म्हणत होत्या, म्बिली, तातू, न्ने, तानो. स्वाहिलीत एक म्हणजे मोजा. मिनिट संपलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, नाडी ठीक आहे, मग थोडं थांबून म्हणाल्या, नाडी मला अजून तिकडच्याच भाषेत मोजता येते.