आमची वाटचाल: डायनॅमोचं दुकान

दुकानात येणारा पहिलं वाक्य हेच बोलतो: "हायवेला चार्जिंग होतं, गावात बॅटरी बसते." डायनॅमो म्हणजे जुन्या गाडीत बॅटरी भरणारं यंत्र; ते हळू फिरलं की चार्जिंग होत नाही. आमचा धंदा याच वाक्यावर उभा राहिला आणि याच वाक्यानं एकदा बुडायलाही आला.

समोरच्या गॅरेजवाल्यानं दिसेल त्या जुन्या गाडीला अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी बसणारं, कमी वेगातही चार्जिंग देणारं नवं यंत्र) लावायला सुरुवात केली. "डायनॅमो म्हणजे भंगार" हे त्याचं तोंडपाठ. गिऱ्हाईक तिकडे वळलं तसे आम्ही घाबरलो आणि डायनॅमो जास्त जोरात फिरावा म्हणून त्याला लहान पुली (बेल्टचं चाक) बसवू लागलो. गावात चार्जिंग होत नसल्याचा लाल दिवा विझायचा, मालक खूश. पुढं त्याच गाड्या हायवेला पळाल्या आणि आर्मेचरचं (डायनॅमोच्या आतल्या फिरत्या भागाचं) वाइंडिंग बाहेर फेकलं गेलं, कम्युटेटरचं (त्याच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याचं) सोल्डर उडालं. पाच आर्मेचर पदरमोड करून भरून दिली. त्याची जाहिरात समोरच्यानं फुकटात केली, ते अजून विसरलेलो नाही.

हिशेब साधा आहे. लुकास सी40 हा डायनॅमो 22 अँपिअर देतो, पण मिनिटाला 2250 फेऱ्यांना. कटआउट, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणारा स्विच, लागतो 1450च्या आसपास. इंजिन 600 वर असेल आणि पुलीचं प्रमाण दीडपट धरलं, तर डायनॅमो फिरतो 900. म्हणजे सिग्नलला सगळं बॅटरीवर: 45 वॅटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर, छोटे दिवे 2, इग्निशन 3–4. ब्रेकवर पाय ठेवून बसलात की आणखी साडेतीन.

आमचे जुने डॉक्टर मॉरिस मायनर घेऊन यायचे, त्यांनी समोरच्या गॅरेजात पाऊल टाकलं नाही. त्यांच्या गाडीत मागचे आणि ब्रेकचे दिवे एलईडी केले. गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं अधिक टोक बॉडीला), त्यामुळे बल्ब त्याच जातीचे घ्यावे लागले. इंडिकेटर मात्र तसेच ठेवले, कारण जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) एलईडीच्या एवढ्याशा करंटवर चालत नाही.

डायनॅमो उतरवण्याआधी तपासा. त्याच्या डी (आउटपुट) आणि एफ (फिल्ड) टर्मिनलवरच्या वायरी काढा, दोन्ही टर्मिनल तारेनं जोडा, व्होल्टमीटर ती तार आणि बॉडी यांत लावा. इंजिन हळूहळू 1000 पर्यंत न्या, 20 व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. काटा हललाच नाही तर आधी कार्बन ब्रश बघा. अर्धा-एक व्होल्ट आला तर दोष फिल्ड कॉइलमध्ये (बाहेरच्या स्थिर गुंडाळीत), चार-पाचवर अडकला तर आर्मेचरमध्ये. अर्थ बदललेली गाडी असेल तर वायरी काढलेल्या असतानाच एफला बॅटरीची लाइव्ह तार क्षणभर टेकवा, म्हणजे डायनॅमो नव्या अर्थाला जुळतो.

डायनॅमोचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला तर लोक उगाच पिळतात. लुकासचा आरबी106 रेग्युलेटर उघड्या सर्किटवर, म्हणजे बॅटरी सुटी असताना, 16 व्होल्टच्या आसपास लावायचा असतो. तिथंच 14 करून ठेवलं की बॅटरी जन्मात भरत नाही आणि शिव्या खातो डायनॅमो.

रोज शहरातच फिरायचं असेल तर अल्टरनेटर जरूर लावा, आम्हीही लावतो. पण अर्थ निगेटिव्ह करून घ्या, जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढा, आणि वॉर्निंगचा 2.2 वॅटचा बल्ब शाबूत ठेवा; तो गेला की अल्टरनेटर उठतच नाही.

आमचा लेथवाला भागीदार कम्युटेटर फिरवून झाला की हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पाऊण मिलिमीटर खोल काढायचा. घाईचं काम तो हातात घेत नसे. डायनॅमो फिरवणारा बेल्ट अंगठ्यानं अर्धा इंच दबावा. जास्त ओढला की बेअरिंग आणि मागचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) खातो. त्या बुशला तेलाचे दोनच थेंब. तिसरा कम्युटेटरवर जातो.