आमची वाटचाल: आधी मोजमाप, मग कोटेशन

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) बसवायचं आणि मोजकेच पार्ट बदलून ते पळवायचं, हा आमचा धंदा. सुरुवातीची वर्षं एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटांवर गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते एसएसडीच्या (हार्ड डिस्कच्या जागी बसणारा, चिपवर चालणारा वेगवान ड्राइव्ह) एका लॉटबद्दल.

माल सीलबंद होता, बिल पक्कं होतं. पण ड्राइव्ह बसवल्यावर मोठी फाइल कॉपी करताना मशीन गोठायला लागली. ड्राइव्हची तब्येत सांगणारा स्मार्ट रिपोर्ट काढायची 'स्मार्टसीटीएल -ए' (smartctl -a) ही कमांड लावून पाहिलं, तर नव्या म्हणून विकलेल्या ड्राइव्हवर पॉवर-ऑन अवर्स (आजवर चालू राहिल्याचे तास) हजारांत, वर रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्यामुळे बाजूला टाकलेले भाग)! वापरून काढलेला माल नव्या खोक्यात भरलेला. होलसेलरने हात वर केले. आम्ही एकूणएक ड्राइव्ह पदरमोड करून बदलून दिले, गाळ्याचं भाडं थकलं. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतला एक दुकानदार आमच्या गिऱ्हाइकांना गाठून सांगायचा, दोष लिनक्सचाच आहे, प्रोसेसर-मदरबोर्ड नवा घ्या. ते आजही डोक्यातून जात नाही.

कळव्याचे एक क्लासवाले सर मात्र आमच्याकडेच राहिले. त्यांच्या लॅबमध्ये इंटेलचे चौथ्या पिढीचे आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क. त्यांनाही प्रोसेसरचं कोटेशन मिळालं होतं. आम्ही ब्राउझरचे टॅब उघडून टर्मिनलवर 'व्हीएमस्टॅट १' (vmstat 1) चालवलं; मशीन कशात अडकलंय ते ही कमांड दर सेकंदाला एका ओळीत दाखवते. पहिली ओळ सोडायची, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. एसआय-एसओ (si, so) हे रकाने शून्यावर येतच नव्हते, म्हणजे रॅम अपुरी पडून तिच्यातला डेटा डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या राखीव जागेत ये-जा करत होता. हे दोन्ही शून्य असून डब्ल्यूए (wa, डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) चढलेला असेल, तर अडतंय डिस्कपाशी. तिथेही काही नसेल तरच प्रोसेसरकडे बघा, आणि तेही एचटॉप (htop) या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा बघून; चार थ्रेडच्या (एका वेळी चार कामं चालवणाऱ्या) मशीनवर एकच थ्रेड भरला तर एकूण आकडा २५ टक्केच दिसतो.

सरांच्या मशीनमध्ये आणखी एक ४ जीबीची स्टिक आणि साटा (हार्ड डिस्कच्याच पोर्टला जोडायची) एसएसडी टाकली. काम झालं, प्रोसेसर तेच राहिले. दोन स्टिक जोडीच्या स्लॉटमध्ये बसवल्या की ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वाचल्या जातात, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो, कारण तीही हीच रॅम वापरते.

लॅपटॉपवाल्यांनी रॅम घेण्याआधी 'डीएमआयडीकोड -टी मेमरी' (dmidecode -t memory) या कमांडने रिकामा स्लॉट बघावा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते, १.५ व्होल्टची साधी घातली तर बहुतेकदा डिस्प्लेच येत नाही. एम.२ या पट्टीसारख्या एसएसडीच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) बसली म्हणजे चालेलच असं नाही, काही स्लॉट फक्त साटाचे असतात. जुना ३ गिगाबिटचा साटा पोर्ट असला तरी एसएसडी जरूर घ्या. तिचा खरा फरक विखुरलेल्या छोट्या फाइल वाचताना पडतो, तिथे पोर्टचा वेग आड येत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड एएचसीआय (AHCI) ठेवा आणि पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला ठरावीक वेळाने कळवणारा 'एफएसट्रिम.टायमर' (fstrim.timer) चालू करा.

ग्राफिक्स कार्डचं विचाराल, तर एएमडी घ्या, ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो. एनव्हीडियाचं जुनं कार्ड स्वस्तात मिळतं, पण ३९० मालिकेसारखे त्याचे ड्रायव्हर बंद झालेत, पुढच्या कर्नल अपडेटला स्क्रीन काळी पडू शकते.

आता आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हचा स्मार्ट रिपोर्ट छापून बिलाला जोडतो. कुठूनही घ्या, नव्या ड्राइव्हवर पॉवर-ऑन अवर्स शेकड्यांनी दिसले तर ताब्यात घेऊ नका. आमचा असला तरी.