दोन तालमी, एक भाता

बर्लिन, गुरुवार, रात्री उशिरा

काल क्लेझमर या ज्यू लोकसंगीताची तालीम, आज टँगो या अर्जेंटिनाच्या नृत्यसंगीताची. दहा-अकरा किलोंचा अकॉर्डियन सलग दोन दिवस गळ्यात घातला की पाठ बोलायला लागते. तरी झोप येत नाहीये, डोक्यात दोन्ही वाजतंय.

काल दोइना घेतली, म्हणजे क्लेझमरमधला आलापासारखा मुक्त प्रकार. क्लॅरिनेट तालाविना, स्वतःच्या मर्जीने पुढे जाते आणि अकॉर्डियनने खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरून ठेवायची. ती कधी बदलायची हे कागदावर नसतं. वादक श्वास कुठे घेतोय, कोणत्या सुराकडे निघालाय, ते ऐकत राहायचं. पुण्यात गाणाऱ्यांच्या साथीला पेटी घेऊन बसत होते, त्यामुळे आलापामागे जायची सवय हातातच आहे. त्यात कालची दोइना फ्रेगिश या क्लेझमरच्या स्वरमालेतली. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद, म्हणजे स्वर आपल्या बसंतमुखारी रागाचे! चलन मात्र पार वेगळं आणि ते वेगळंच राहावं, यावर मी ठाम आहे.

क्लेझमर हे पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांचं संगीत. नवरीला रडवायचं ते या वादकांनी आणि वऱ्हाडाला नाचवायचं तेही यांनीच. वाजवणाऱ्यांची घराणीच्या घराणी नाझींनी संपवली. आम्ही आज जे शिकतो त्यातलं बरंचसं त्याआधीच अमेरिकेला गेलेल्या नफ्तुले ब्रँडवाइन, डेव्ह तारस या क्लॅरिनेटवादकांनी १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला भरलेल्या तबकड्यांमधून आलेलं. तेच संगीत मी बर्लिनमध्ये बसून वाजवते. त्यातला एकही सूर उरकून टाकायला मन धजत नाही.

क्लॅरिनेट आणि व्हायोलिन मध्येच हुंदका देतात, त्याला क्रेख्त्स म्हणतात. आमच्या पट्ट्यांवर सूर वाकत नाही. पेटीवर मींड येत नाही, तीच ही अडचण. मग वरच्या पट्टीला निसटता स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी भाता अडवायचा. तो हुंदका डाव्या हातातून येतो.

टँगोत भात्याचं काम निराळं. तिथलं खरं वाद्य बँडोनियन, अकॉर्डियनसारखंच भात्याचं पण बटणांचं. ते जन्माने जर्मन, सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डला आल्फ्रेड आर्नोल्डच्या कारखान्यात बनून ब्युनोस आयर्सला गेलेलं. तेच बटण भाता उघडताना एक सूर देतं, मिटताना दुसरा. वादक ते मांडीवर घेतात, बरंचसं भाता उघडतानाच वाजवतात आणि हवेची कळ दाबून झटकन मिटतात. मी अकॉर्डियनवर मंद्र आणि मध्य सुरांचा स्विच लावते, त्याचं नावही बँडोनियनच, पण तेवढ्याने भागत नाही. सुरावटीचा अख्खा तुकडा भाता उघडताना बसवावा लागतो. ड्रम नसतो, त्यामुळे नाचणाऱ्यांच्या पावलाखालचा ठोका आम्हीच द्यायचा. अर्जेंटिनाचे टँगो संगीतकार ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदात पहिला आणि तिसरा ठोका जमिनीत रुततो. ते वजन यायला ठोक्याच्या आधीच भात्याने सूर ओढत आणावा लागतो. आज दोन-तीन जागी तसा आला, तेव्हा कॉन्ट्राबासवाल्याने मान डोलावली. फार बरं वाटलं.

काही जण दोन्ही एकत्र करून वाजवतात. मला ते पटत नाही. दोघांचं दुःख वेगळं, नाचही वेगळा.

पुढच्या बुधवारी दोइनाला जोडून होरा हा क्लेझमरचा संथ नाच आहे. तीनच्या मापातला, मधला ठोका रिकामा सोडून चालणारा. क्लॅरिनेट जराशी मागे रेंगाळली की डाव्या हाताने तिच्यासाठी थांबायचं की नाही, हे अजून ठरत नाहीये. उद्या मेट्रोनोम बाजूला ठेवून तेवढंच वाजवून बघणार.