महाशिवरात्रीच्या दिवशी लिहिलेले परीक्षण

८ मार्च २०२४ रोजी महाशिवरात्र होती. चामोर्शी तालुक्यातील आमच्या गावातून पहाटेपासूनच मार्कंड्याच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली होती, आणि मी मात्र घरीच होतो, कारण ज्या मासिकासाठी मी व्हिडिओ गेमची परीक्षणे लिहितो त्यांना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा मजकूर हवा होता. विषय होता ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’. आर्क सिस्टम वर्क्स या जपानी संस्थेने घडवलेला आणि बांदाई नामकोने जानेवारी २०१८ मध्ये बाजारात आणलेला हा तीन विरुद्ध तीन लढवय्यांचा गेम जुनाच आहे. पण प्लेस्टेशन ५ साठी त्याची नवी आवृत्ती नुकतीच आली होती आणि तिच्यात इंटरनेटवरून खेळण्याची पद्धत मुळापासून बदलली होती.

‘ड्रॅगन बॉल’सारख्या लोकप्रिय अ‍ॅनिमेवरचा, म्हणजे जपानी चित्रपट्टी मालिकेवरचा, गेम तपासताना परीक्षकाला स्वतःच्या प्रेमाचीच भीती बाळगावी लागते. म्हणून मी दोन प्रश्न कायम वेगळे ठेवतो. मालिका कधीच न पाहिलेल्या माणसाला हा खेळ धरून ठेवतो का, हा पहिला. आणि मालिका जगलेल्या माणसाला पडद्यावरचा गोकू, म्हणजे मालिकेचा नायक, हा गोकूच वाटतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या पदराआड लपू लागले, की परीक्षण बिघडते.

इंटरनेटवरच्या खेळाची तपासणी मी आदल्या रात्रीच उरकली होती. आमच्याकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच सगळा कारभार चालतो. हा गेम सेकंदाला साठ फ्रेमने, म्हणजे साठ स्थिर चित्रांनी, धावतो, म्हणजे संदेश पोहोचायला १०० मिलिसेकंद लागले तर मधल्या काळात सहा फ्रेम निघून जातात. जुन्या पद्धतीत पलीकडच्याचे बटण कळेपर्यंत दोघांचाही खेळ मागे रेंगाळत असे. नव्या ‘रोलबॅक’ पद्धतीत गेम पलीकडच्याची चाल अंदाजाने पुढे नेतो आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन ती दुरुस्त करतो. नागपूरच्या मित्राशी खेळलेल्या बारा लढतींपैकी दहा अशा झाल्या, की तो शेजारीच बसला आहे असे वाटावे. खेड्यातल्या खेळाडूसाठी ही सुधारणा फार मोलाची आहे आणि तसे मी ठासून लिहिले होते. कथाविभागाबद्दल मात्र मी कडक होतो. तीन भागांत त्याच त्या प्रतिरूपांशी पुन्हा पुन्हा लढावे लागते आणि तासाभरात हाताला कंटाळा येतो. त्यासाठी दहापैकी पाच आणि एकूण आठ गुण मी मांडले होते.

सकाळी फोनवर बातमी आली. ‘ड्रॅगन बॉल’ची मूळ चित्रकथा रेखाटणारे अकिरा तोरियामा १ मार्चलाच गेले होते. जाहीर मात्र त्या दिवशी झाले. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आई उपवासाची साबुदाण्याची उसळ घेऊन आली आणि माझा चेहरा पाहून म्हणाली, “काय झालं रे बाबू, कोन गेलं?” मी म्हणालो, “चित्रकार होते, आई. जपानचे.” तिने वय विचारले. मी अडुसष्ट सांगितले. “मंग तं तुह्या बाबांपेक्षा लहानच होते,” एवढेच बोलून ती माझ्याजवळ बसली.

त्यानंतर मी मजकूर पुन्हा उघडला आणि पहिला विचार मनात आला तो गुण वाढवण्याचा. आठाचे नऊ केले असते तर कोणीही हरकत घेतली नसती. पण वाचताना माझ्याच एका वाक्याशी मी अडखळलो. ‘या गेममधील प्रत्येक हालचाल ही तोरियामांची रेषा आहे,’ असे मी लिहिले होते. ते तपासायला हवे होते. मी लढतीचा एक तुकडा लॅपटॉपवर घेतला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. गोकूचा ठोसा सुटतो तेव्हा त्याची एकच ठेवण सलग काही फ्रेम तशीच राहते आणि मग थेट दुसरी ठेवण येते. मधली सरकती हालचाल जवळजवळ नाहीच. आकृत्या त्रिमितीय आहेत, तरीही त्या कागदावर रेखाटल्यासारख्या दिसाव्यात म्हणून कारागिरांनी ठेवणी अशा वेचून बसवल्या आहेत. मार्कंड्याच्या मंदिराच्या भिंतीवरच्या मूर्ती पाहताना मला नेहमी हेच जाणवत आले आहे: दगड हलत नाही, पण कंबरेचा बाक असा पकडलेला असतो की पुढची हालचाल डोळा आपणच पूर्ण करतो.

म्हणजे १९८४ पासून जपानी साप्ताहिकाच्या पानांवर उमटलेली रेषा तोरियामांची, हालचाल मात्र आर्कच्या कारागिरांची. या गेमसाठी तोरियामांनी स्वतः दिलेली ठळक गोष्ट म्हणजे अँड्रॉइड २१ हे नवे पात्र. एका माणसाला आदर वाहताना मी दुसऱ्यांचे श्रम पुसून टाकले होते. ते वाक्य मी काढून टाकले आणि दोघांचे श्रेय वेगवेगळे लिहिले.

दुपारी माझा भाचा यात्रेहून परतला. वैनगंगेत आंघोळ करून आल्याने केस अजून ओलसर होते. त्याने ही मालिका पाहिलेली नाही, म्हणून मी मुद्दाम त्याच्या हाती कंट्रोलर दिला. केस सोनेरी आहेत म्हणून त्याने सुपर सायन गोकू घेतला, मी त्याचा शत्रू फ्रिझा घेतला आणि मैदान नामेक ग्रहाचे ठेवले. एकच बटण सलग दाबले तरी या गेममध्ये फटक्यांची मालिका आपोआप गुंफली जाते. ही सोय मी नवशिक्याचे लाड म्हणून थोडी हिणवली होती. पाचव्या मिनिटाला तो तीच मालिका मध्येच तोडून माझ्या मागे कसे जाता येईल ते शोधू लागला, तेव्हा तो शेराही मला खोडावा लागला. शेवटच्या फेरीत त्याचा जोरदार फटका बसला आणि मूळ कथेतील, नामेकवरच्या गोकू-फ्रिझा लढतीचा प्रसंग पडद्यावर उलगडला.

“मामाजी, मी तं एकच बटन दाबलो. हे काय झालं जी?” त्याने विचारले. मी त्याला नामेकची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्याने तीच लढत पुन्हा लावायला सांगितली, आणि या वेळी बटण दाबण्याआधी तो क्षणभर थांबला.

सहा वाजता मजकूर पाठवला. एकूण गुण आठ आणि कथाविभागाचे पाच, जसेच्या तसे ठेवले.